पाणी प्यायचा रिमाइंडर: तो वाजत का नाही, कसा लावायचा आणि कधी बंद करायचा?

प्ले स्टोअरवर ‘वॉटर रिमाइंडर’ शोधलं की ढीगभर ॲप्स समोर येतात. त्यातलं एक मीही टाकलं होतं. दिवसाला १२ नोटिफिकेशन्स. पहिले चार दिवस नोटिफिकेशन आलं की पाणी प्यायचे. पाचव्या दिवसापासून नुसतं स्वाइप करायला लागले. तिसऱ्या आठवड्यात तर नोटिफिकेशन येणंच थांबलं, आणि ते थांबलंय हेसुद्धा मला दोन दिवसांनी कळलं. पुढच्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं. वर्षातलं दुसरं.

मी मुलुंडला राहते आणि चकाल्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करते. मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, “दिवसाला पाणी किती पितेस?” मी म्हटलं, “असेल दीड-दोन लिटर.” ते म्हणाले, “मोजलंयस कधी?” मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर ७५० मिलीची एक बाटलीही संपत नव्हती. आई रोज सांगत होतीच, “भरलेली बाटली नेतेस आणि भरलेलीच परत आणतेस.”

रिमाइंडर लावूनही हे असं का झालं, ते या लेखात पाहू. कारणं दोन आहेत. एक फोनमधलं आणि एक आपल्या दिवसातलं.

आधी आकडा ठरवा

‘८ ग्लास’ हा काही सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये निरोगी पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर असे आकडे दिले, पण त्यात अन्नातलं पाणी आणि चहा-दुधासारखी पेयंही धरलेली आहेत. साधारण पाचवा भाग जेवणातूनच मिळतो. आपल्या वरण-भात, ताक, कलिंगडातही पाणी असतंच.

ऑफिसमध्ये बसून काम करणाऱ्यांनी सुरुवातीला २ लिटर हे लक्ष्य ठेवायला हरकत नाही. मे महिन्यात, मुंबईच्या घामाच्या दिवसांत किंवा व्यायामानंतर जास्त लागतं. सगळ्यात सोपं मीटर म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

कारण पहिलं: फोन रिमाइंडर झोपवून टाकतो

तुम्ही लावलेला रिमाइंडर वाजला नाही, तर दरवेळी ॲप खराब असतं असं नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो टेबलावर बराच वेळ नुसता पडून असेल, तर सिस्टीम बॅटरी वाचवण्यासाठी ॲप्सची कामं मागे ढकलते आणि अधूनमधून एकदम उरकते. त्यामुळे ११ चा रिमाइंडर ११:४० ला येतो. घड्याळ ॲपमधला अलार्म यातून सुटतो, कारण सिस्टीम त्याला वेगळी वागणूक देते.

त्यात अनेक कंपन्या स्वतःचं आणखी कडक बॅटरी सेव्हिंग टाकतात. रिसेंट ॲप्समधून ॲप स्वाइप केलं की काही फोनमध्ये त्याचे रिमाइंडरही जातात. माझं नेमकं हेच झालं होतं. अँड्रॉइड फोनमध्ये या चार गोष्टी तपासा (नावं फोनप्रमाणे थोडी बदलतील):

१. नोटिफिकेशनची परवानगी: अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नव्या ॲपला ही वेगळी मागावी लागते. घाईत ‘डोन्ट अलाउ’ दाबलं असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, नोटिफिकेशन्स असं जाऊन चालू करा.

२. बॅटरी: त्याच ॲपच्या पानावर बॅटरीमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. ‘ऑटोस्टार्ट’ असा पर्याय दिसला तर तोही चालू करा.

३. अलार्म्स अँड रिमाइंडर्स: सेटिंग्जमध्ये ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ शोधा. अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲप्सना अचूक वेळेवर वाजण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. ती इथून द्यावी लागते.

४. न वापरलेलं ॲप: काही महिने ॲप उघडलंच नाही तर सिस्टीम त्याला गोठवते. ॲपच्या पानावर खाली ‘अनयूज्ड’ असा शब्द असलेला पर्याय असतो, तो बंद ठेवा.

आयफोनवाल्यांनी आधी ‘फोकस’ पाहावं. वर्क फोकस चालू असेल तर रिमाइंडर गुपचूप नोटिफिकेशन सेंटरमध्ये जाऊन बसतो. त्या फोकसमध्ये रिमाइंडरच्या ॲपला परवानगी द्या. आणखी एक मर्यादा आहे. आयफोन एका ॲपची पुढची जास्तीत जास्त ६४ लोकल नोटिफिकेशन्सच रांगेत ठेवतो. प्रत्येक रिमाइंडर सुटा लावणाऱ्या ॲपची ही रांग, दिवसाला १२ धरली तर, सहाव्या दिवशी संपते. म्हणून काही ॲप्स ‘मला अधूनमधून उघडा’ असं सांगतात.

कारण दुसरं: रिमाइंडर चुकीच्या वेळी वाजतो

सेटिंग्ज दुरुस्त केल्या, रिमाइंडर वेळेवर यायला लागला, तरी मी पाणी पीत नव्हते. एक आठवडा प्रत्येक स्वाइपची वेळ लिहून काढली, तेव्हा कळलं. ८:३० चा रिमाइंडर भांडुपच्या गर्दीत, बाटली बॅगेत, बॅग पोटाशी. ११ चा मीटिंगमध्ये. ७ चा परतीच्या मेट्रोत. आणि खरी गोष्ट अशी, की प्रवासाआधी आणि प्रवासात मी मुद्दामच पीत नव्हते. कारण मध्ये बाथरूमला जायचं कुठे?

हे एकटीचं नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालू आहे. बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या हव्यात, ही तिची मागणी. आपल्या लोकलमधल्या कितीतरी मुली पाणी विसरत नाहीत, त्या हिशेबाने टाळतात. टाळणाऱ्याला आठवण करून देऊन उपयोग नाही. त्यामुळे पाण्याचं टाइमटेबल लावताना टॉयलेटचं टाइमटेबल आधी बघा. मुलांनाही हे लागू आहे. बाइकवर डिलिव्हरी किंवा फिल्डवर्क करणाऱ्यांना तर नक्कीच.

टाळण्याची किंमतही असते. २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. डॉक्टरांनी औषधासोबत पाण्यावर एवढा भर का दिला, ते मला हे वाचल्यावर पटलं.

घड्याळाला नाही, घटनेला बांधा

२०१५ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी सवय लावणाऱ्या ॲप्सचा अभ्यास केला. नुसता रिमाइंडर असेल तर लोक ती कृती करतात, पण ती आपोआप होण्याची सवय नीट लागत नाही. रोजच्या एखाद्या घटनेला जोडली की जास्त चांगली लागते. याचं कारण समजायला सोपं आहे. रिमाइंडर असेपर्यंत लक्षात ठेवायचं काम फोन करतो. फोन गप्प झाला की आपणही गप्प.

२०१९ मध्ये केरळच्या शाळांमधली ‘वॉटर बेल’ गाजली. तिथेही नुसती घंटा नव्हती. घंटा झाली की वर्ग थांबायचा आणि सगळी मुलं एकदम बाटली काढायची. आपल्या फोनच्या घंटेला कोणी थांबत नाही. म्हणून जिथे आपण आधीच थांबलेलो असतो, अशी जागा शोधायची.

माझ्या सहा जागा अशा:

• उठून तोंड धुतल्यावर, ७ वाजता: ३०० मिली
• ऑफिसात बॅग खाली ठेवल्यावर, ९:४५ च्या सुमारास: ४०० मिली
• सकाळची स्टँड-अप मीटिंग संपल्यावर: ३०० मिली
• जेवताना: ३०० मिली
• चारच्या चहाआधी: ३०० मिली
• घरी आल्यावर चप्पल काढली की: ४०० मिली

बेरीज २ लिटर. सकाळी निघायच्या आधीचा तास आणि संध्याकाळचा प्रवास यात मोकळा आहे, आणि पाणी पडतं ते टॉयलेट जवळ असलेल्या ठिकाणीच. तहान लागली तर प्रवासातही दोन घोट प्यायचेच, तहान दाबायची नाही.

फोनमध्ये सेट करूया

१. वेगळं ॲप नसेल तरी चालेल. घड्याळ ॲपमध्ये अलार्म लावा, ‘रिपीट’मध्ये ऑफिसचे वार निवडा, आवाज सौम्य ठेवा. मीटिंग्ज असतील तर फक्त व्हायब्रेशन.

२. लेबलमध्ये ‘पाणी पी’ लिहू नका. घटना लिहा: ‘बॅग ठेवली? अर्धी बाटली.’

३. सहाही एकदम लावू नका. पहिल्या आठवड्यात दोनच, मग दर आठवड्याला एकेक वाढवा.

४. आयफोनच्या रिमाइंडर्स ॲपमध्ये वेळेऐवजी जागाही देता येते. ऑफिसचा पत्ता टाकून ‘अरायव्हिंग’ निवडलं की लोकल कितीही लेट झाली तरी रिमाइंडर पोचल्यावरच येतो.

५. मोजायचं असेल तर मापाची बाटली पुरे. आकडे हवेत तर सॅमसंग हेल्थ किंवा आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये पाण्याची नोंद करता येते. खेळ आवडत असेल तर ‘प्लँट नॅनी’मध्ये तुम्ही पाणी प्यायलात की स्क्रीनवरचं रोप वाढतं.

कोणतंही ॲप टाका, पण पाण्याची आठवण करायला कॉन्टॅक्ट्स किंवा मायक्रोफोन लागत नाही. तशी परवानगी मागितली तर ॲप काढून टाका.

रिमाइंडर बंद कधी करायचा?

‘२१ दिवसांत सवय’ हे वाक्य रील्समध्ये फार फिरतं. लंडनमध्येच ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१० मध्ये छापला गेला, सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा स्ट्रीक तुटली म्हणून ॲप उडवू नका.

माझी चाचणी साधी आहे. अलार्म वाजायच्या आधीच पाणी पिऊन झालंय असं आठवड्यात चार वेळा झालं की तो अलार्म बंद. तीन महिन्यांत माझे सहापैकी चार बंद झाले. चारच्या चहाआधीचा आणि स्टँड-अपनंतरचा अजून लागतो, आणि लागला तर लागला.

एवढी काळजी घ्या

किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, पाण्यावर डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. राहिलेलं दिवसभराचं पाणी रात्री एकदम पिऊ नका. थोड्या वेळात खूप पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. लघवीला जळजळ, ताप किंवा कमरेत कळ असेल तर बाटली भरत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आज फक्त एक करा. बाटली घ्या, उद्याच्या दिवसात तुम्ही कुठे थांबता आणि जवळ टॉयलेट कुठे आहे ते बघा, आणि त्यातल्या दोन जागांना अलार्म लावा. माझी बाटली आता संध्याकाळी रिकामी घरी येते. आईने ती उलटी करून बघितली, काही बोलली नाही, धुवायला ठेवली.