कर्णनादाचा शोध

बाहेर कसलाहि आवाज नसतां कानांत घंटा वाजावी, रातकिडे किरकिरावे अथवा वाफ सुटावी तसा नाद अहोरात्र चालावा, या व्याधीस भारतीय वैद्यकांत 'कर्णनाद' असें नांव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग गणिले आहेत, त्यांत हा एक. कुपित झालेला वायु हें त्याचें कारण तेथें सांगितलें आहे. कारणमीमांसा पुढें बदलली. व्याधि मात्र तीच राहिली.

पॅरिसच्या मूकबधिर-विद्यालयांतील वैद्य इतार यानें १८२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कर्णरोगांवरील ग्रंथांत या नादाचे दोन वर्ग पाडले. एकांत शरीरामध्येंच खराखुरा ध्वनि उत्पन्न होतो. दुसऱ्यांत ध्वनि मुळींच नसतो, तरी तो ऐकूं येतो. नाद घालवितां येत नसेल, तर तो दुसऱ्या आवाजानें झांकावा, असा साधा उपाय त्यानें सुचविला. रोग्यानें धडधडणाऱ्या विस्तवाशेजारीं बसावें, ओलीं लांकडें जाळावीं, किंवा पाणचक्कीजवळ राहावयास जावें.

हा नाद ज्यांच्या वांट्यास आला, त्यांच्या यातना लहान नव्हत्या. बेटोव्हेननें १८०१ च्या जूनमध्यें वेगलर या वैद्य मित्रास कळविलें कीं, कान रात्रंदिवस गुणगुणत असतात आणि दोन वर्षें आपण लोकांत मिसळणें टाळीत आहों. झेक संगीतकार स्मेताना १८७४ सालीं बहिरा झाला. १८७६ मध्यें रचलेल्या चार तंतुवाद्यांच्या कृतींत शेवटीं त्यानें एक तीव्र, लांबलेला स्वर घातला. तो त्याच्या कानांतील शिटीचाच होय.

नाद कानांत ऐकूं येतो, तेव्हां त्याचें घर कानांतच असलें पाहिजे, ही समजूत दीर्घकाळ टिकली. तिला धक्का दिला तो शस्त्रक्रियेनें. श्रवणतंतूवरील गांठ काढतांना कित्येकांचा तो तंतूच कापला जाई. अशा रोग्यांची पाहणी अमेरिकेंत १९८१ सालीं प्रसिद्ध झाली. सुमारें ४० टक्क्यांना उतार पडला होता, पण जवळजवळ निम्म्यांचा नाद उलट वाढला होता. तार तोडूनहि जो आवाज थांबत नाहीं, त्याचा उगम तारेच्या पलीकडे, मेंदूंत, शोधणें प्राप्तच होतें.

मोठे आवाज, वार्धक्य, क्विनाइन किंवा ॲस्पिरिनची अधिक मात्रा यांनीं अंतःकर्णास इजा पोंचते व मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. दूरचें केंद्र मंद लागलें म्हणजे रेडिओचा आवाज वाढवावा आणि त्याबरोबर खरखरहि वाढावी, तसें मेंदूचें होत असावें, असा आज अनेक संशोधकांचा तर्क आहे. १९५३ सालीं हेलर व बर्गमन यांनीं श्रवण शाबूत असलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलींत बसविलें, तेव्हां ९४ टक्क्यांना कांहीं ना कांहीं नाद ऐकूं आला. निःशब्दतेंत कान रिकामा राहत नाहीं, हेंच यांतून दिसलें.

भाकिताचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाहीं. बहिरेपण व गोंगाट यांनीं धोका वाढतो, हें निश्चित. पण सारखीच इजा झालेल्या दोघांपैकीं एकालाच नाद कां लागतो, हें आधीं सांगतां येत नाहीं. शिवाय मोजूं गेल्यास नाद बहुधा अगदीं क्षीण ठरतो. त्रास आवाजाच्या मोठेपणावर नव्हे, तर मनानें त्याची घेतलेली धास्ती किती यावर अवलंबून असतो, हा विचार यास्त्रेबॉफ यानें १९९० मध्यें मांडला.

तत्पूर्वीं, १९७० नंतरच्या दशकांत, ऑरेगॉनमधील पोर्टलंड शहरीं कारंज्याजवळ उभ्या असलेल्या एका पीडित डॉक्टरास आपला नाद लोपल्याचें आढळलें. त्यावरून व्हर्नन या शास्त्रज्ञानें कानावर बसविण्याचें आच्छादक यंत्र प्रचारांत आणिलें. इतारची पाणचक्की दीडशें वर्षांनीं कानाशीं आली!

नाद समूळ नाहींसा करील असें सिद्ध औषध आजहि नाहीं. परंतु बहिरेपण असल्यास श्रवणयंत्र, मंद पार्श्वध्वनि आणि मनाची भीति मोडणारी विचार-वर्तनोपचार पद्धति यांनीं पुष्कळांचें जिणें सुसह्य होतें. २०२२ सालच्या एका मोठ्या गणनेनुसार जगांतील सुमारें १४ टक्के प्रौढांना नाद जाणवतो, त्यांतील थोड्यांनाच तो छळतो. 'यावर कांहीं इलाज नाहीं' एवढेंच सांगून रोग्यास परत पाठविणें आतां शास्त्रास धरून नाहीं.