'मॅन्स' : एका शब्दातील निवास आणि हक्क

ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या निवासस्थानासाठी इंग्रजीत रेक्टरी, व्हिकरेज, पार्सनेज असे अनेक शब्द रूढ आहेत. रेक्टर राहतो ती रेक्टरी, व्हिकर राहतो ते व्हिकरेज. म्हणजे घराला नाव मिळाले ते पदावरून. स्कॉटलंडमधील 'मॅन्स' हा शब्द मात्र या पंक्तीत बसत नाही. त्यात पदाचा उल्लेख नाही आणि धर्माचाही नाही. मॅन्स हे घराचे नाव होण्यापूर्वी जमिनीचे नाव होते आणि ही जुनी खूण त्याच्या इतिहासात दीर्घकाळ टिकून राहिली, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

'राहणे, मुक्काम करणे' या अर्थाच्या 'मानेरे' या लॅटिन क्रियापदापासून 'मान्सुस' हा शब्द तयार झाला. 'मॅन्शन' आणि घर या अर्थाचा फ्रेंच 'मेझों' हे याच धातूचे वंशज होत. परंतु मध्ययुगीन युरोपात मान्सुस म्हणजे केवळ घर नव्हे. एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी शेतजमीन, घरासह. तिचे क्षेत्रफळ प्रदेशागणिक बदलत असे. लुई द पायस या फ्रँक सम्राटाने इ. स. ८१८-८१९ च्या आदेशात प्रत्येक चर्चला एक संपूर्ण मान्सुस सेवामुक्त द्यावा, असे फर्माविले. आपल्याकडील 'वतन' या शब्दाचे येथे सहज स्मरण होते. मूळ अरबीत वास्तव्याचे ठिकाण दर्शविणारा हा शब्द मराठीत वंशपरंपरागत हक्काचा आणि उत्पन्नाचा वाचक झाला.

स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेनंतर उपदेशक विवाहित, कुटुंबवत्सल झाला आणि त्याच्या घराचा प्रश्न निकडीचा ठरला. मॅन्स व त्यास जोडलेली शेतजमीन यांविषयी १५६३ मध्ये कायदा झाला. १६६३ च्या कायद्याने, जेथे योग्य मॅन्स नाही तेथे ते बांधून देण्याची जबाबदारी 'हेरिटर' म्हणजे स्थानिक जमीनमालकांवर टाकली. खर्चाची मर्यादा किमान ५०० मर्क व कमाल १००० स्कॉट्स पौंड. उपदेशकाचे छप्पर अशा रीतीने जमीनमालकाच्या खर्चावर उभे राहिले.

याची किंमत १८४३ मध्ये कळून आली. उपदेशक नेमण्याचा आश्रयदात्यांचा अधिकार १७१२ च्या कायद्याने पुनःस्थापित झाला होता; त्यावरील दीर्घ संघर्षानंतर सुमारे १२०० पैकी ४७४ उपदेशकांनी अधिकृत चर्चचा त्याग करून फ्री चर्च स्थापन केले. (मुंबईतील विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या जॉन विल्सन यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली.) वेतनाबरोबर मॅन्सही सुटले. 'राहणे' या क्रियापदातून जन्मलेल्या घरातून मुलाबाळांसह बाहेर पडणारे उपदेशकाचे कुटुंब जॉर्ज हार्वी यांनी 'क्विटिंग द मॅन्स' या चित्रात रंगविले आहे. काही जमीनदारांनी नव्या चर्चला जागाच नाकारली. स्ट्रॉन्शियन येथील मंडळीने तर १८४६ मध्ये लोखंडी तरंगते चर्च आणवून ते सुनार्ट या सागरी खाडीत नांगरले! जमिनीशिवाय उपासना कशी करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे अगदी शब्दशः उभा होता.

थॉमस गथ्री यांनी १८४५-४६ मध्ये गावोगाव फिरून नव्या घरांसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी जमविला. वर्गणीतून उभारलेल्या या घरांच्या मागे ना हेरिटर होता, ना कायद्याने नेमून दिलेली जमीन. तरीही लोकांनी त्यांना मॅन्सच म्हटले. अधिकृत चर्चच्या बाबतीत हेरिटरांची जबाबदारी संपुष्टात आणणारा कायदा होण्यास मात्र १९२५ उजाडावे लागले.