एल लाबेरिंतो देल फाउनो

एल लाबेरिंतो देल फाउनो : यादवी युद्धानंतरच्या स्पेनमध्ये घडणारा, परीकथेच्या अंगाने जाणारा स्पॅनिश भाषेतील चित्रपट (२००६). लेखक व दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो (जन्म १९६४, ग्वादालाहारा, मेक्सिको). फाउन म्हणजे रोमन पुराणकथांतला, बोकडाची शिंगे आणि खूर असलेला वनदेव. इंग्रजीत हा चित्रपट ‘पॅन्स लॅबिरिंथ’ या नावाने गेला आणि आपल्याकडेही तेच नाव रुळले. पण यातला फाउन म्हणजे ग्रीकांचा पॅन नव्हे, असे देल तोरो यांनी स्वतः सांगितले आहे. मूळ नावाला मराठीत ‘फाउनचा चक्रव्यूह’ म्हणणे योग्य ठरेल. भूलभुलैयात माणूस वाट चुकतो. इथली वाट वळणे घेत का होईना, मध्याशी नेतेच. आत शिरलेल्याच्या परतीचे काय, हा प्रश्न ‘चक्रव्यूह’ या शब्दासरशी मराठी मनात उभा राहतो आणि तो इथे लागू पडतो.

काळ १९४४ चा. १९३६ मध्ये पेटलेले यादवी युद्ध १९३९ मध्ये हुकूमशहा जनरल फ्रँकोच्या विजयाने संपले, तरी डोंगरात लपलेल्या बंडखोरांची, म्हणजे ‘माकीं’ची, झुंज पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीला उतरल्या तेव्हा, आता आपल्याही सुटकेची वेळ आली, असे त्यांना वाटले. तसे झाले नाही. फ्रँको १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. हे ठाऊक असलेल्याला चित्रपटातला बंडखोरांचा शेवटचा विजय पाहताना घशात काहीतरी अडकल्यासारखे होते.

ओफेलिया (इव्हाना बाकेरो) ही पुस्तकवेडी मुलगी गरोदर आईबरोबर डोंगरातल्या एका जुन्या गिरणीत येते. तिथे तिच्या सावत्र बापाचे, कॅप्टन विदालचे (सेर्जी लोपेझ), लष्करी ठाणे आहे. पहिल्याच भेटीत ती डावा हात पुढे करते, कारण उजव्या हातात पुस्तके आहेत. विदाल तो हात करकचून दाबतो आणि हस्तांदोलन दुसऱ्या हाताने करायचे असते, हे तिला सुनावतो. एवढ्या एका क्षणात त्या घरातले राज्य कोणाचे आणि कसे, ते कळून जाते. रात्री एक परी तिला गिरणीजवळच्या चक्रव्यूहात नेते. तिथला फाउन सांगतो, की तू पाताळराज्याची हरवलेली राजकन्या आहेस, आणि ते सिद्ध करण्यासाठी पौर्णिमेच्या आत तीन कामे पार पाड.

इथवर कथा ओळखीच्या वळणाची वाटते. तिचे वेगळेपण हुकूम या एका गोष्टीत आहे. विदालच्या ठाण्यावर हुकूम पाळणे हाच धर्म. ठाण्यावरचा डॉक्टर छळाने अर्धमेला झालेल्या कैद्याला इंजेक्शन देऊन यातनांतून सोडवतो, आणि हुकूम मोडला म्हणून पाठीत गोळी खातो. घर सांभाळणारी मेर्सेदेस (मारिबेल व्हेर्दू) बंडखोरांना चोरून रसद पोचवते. बटाटे सोलायची छोटी सुरी ती कमरेशी एप्रनच्या घडीत खोचून ठेवते. ती बाई म्हणून विदाल तिला मोजतच नाही, आणि तीच सुरी शेवटी त्याचा गाल फाडते.

दुसऱ्या कामात ओफेलियाही हुकूम मोडते. पक्वान्नांनी भरलेले लांबलचक टेबल, त्याच्या टोकाला लोंबत्या कातडीचा, निश्चल बसलेला फिकट राक्षस, पुढ्यातल्या ताटलीत त्याचेच दोन डोळे. भिंतींवर मुले खाण्याची चित्रे, कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग. काही खायचे नाही अशी ताकीद असूनही ती दोन द्राक्षे तोंडात टाकते. राक्षस डोळे तळहातांत बसवतो, हात चेहऱ्यासमोर पंज्यासारखे पसरून तिला शोधू लागतो आणि दोन पऱ्यांची मुंडकी चावून तोडतो. या टेबलाची मांडणी आठवून पाहावी : त्याआधी विदालने दिलेल्या मेजवानीतही असेच लांब टेबल आहे, टोकाला तो आहे, आणि एका कुटुंबाला एकच रेशनकार्ड पुरे, अशी चर्चा तिथे पाद्रीबुवांच्या संमतीने चालली आहे. राक्षस दोन आहेत आणि बसण्याची जागा एकच, हे देल तोरो यांनी एका शब्दाचाही आधार न घेता दाखवले.

तिसऱ्या कामात फाउन तिच्या तान्ह्या भावाचे रक्त मागतो. ती नकार देते आणि विदालच्या गोळीला बळी पडते. पाताळराज्य खरे की मरणाऱ्या मुलीच्या मनातले, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. देल तोरो ते खरे मानतात. खडूने आखलेल्या दारातून ओफेलिया कुलूपबंद खोलीबाहेर पडते, हा त्याचा एक पुरावा. प्रस्तुत लेखकाला तिचा नकार अधिक मोलाचा वाटतो. ज्याने राज्य देऊ केले त्यालाच ती ‘नाही’ म्हणते, आणि तो नकार दोन्ही अर्थांत तितकाच खरा राहतो.

चित्रीकरण माद्रिदजवळच्या ग्वादार्रामा डोंगररांगेतल्या पाइनच्या जंगलात झाले. आरंभी दिसणारे उद्ध्वस्त गाव म्हणजे १९३७ च्या लढाईत बेचिराख झालेले बेल्चिते. फाउन आणि फिकट राक्षस या दोन्ही भूमिका डग जोन्स या अमेरिकी नटाने केल्या. स्पॅनिश येत नसताना त्याने संवाद पाठ केले. आवाज मात्र पाब्लो आदान यांचा आहे. राक्षसाच्या मुखवट्यात त्याला नाकपुड्यांच्या भोकांतूनच काय ते दिसत असे. या राक्षसामागे चित्रकार गोयाच्या, स्वतःचे मूल खाणाऱ्या सॅटर्नच्या चित्राची प्रेरणा आहे. गिएर्मो नाव्हारो यांच्या छायाचित्रणात वास्तव निळेकरडे आणि पाताळ सोनेरी-तांबूस आहे. हाव्हिएर नाव्हारेते यांचे संगीत एका शब्दहीन अंगाईभोवती फिरते.

पहिला खेळ मे २००६ मध्ये कान महोत्सवात झाला. सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ८ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. २००७ मध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन व रंगभूषा यांसाठी ३ ऑस्कर मिळाले. परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मात्र जर्मनीच्या ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ने नेले. स्पेनचे ७ गोया पुरस्कारही मिळाले. देल तोरो यांचा ‘एल एस्पिनासो देल दियाब्लो’ (२००१) हा याचा पूर्वज. तोही यादवी युद्धाच्या काळातील मुलांचाच. कॉर्नेलिया फुंके यांच्यासह त्यांनी या कथेची कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली.

इंग्रजी उपशीर्षके देल तोरो यांनी स्वतः लिहिली आहेत, म्हणून चित्रपट मूळ स्पॅनिशमध्येच पाहावा. परीकथा असली तरी यातली हिंसा फार जवळून दाखवलेली आहे. लहान मुलांना सोबत बसवू नये.