फिलिपिन्समधील डॉक्टर, परिचारिका आणि त्यांची सनद

आनंदीबाई जोशी यांचे नाव न ऐकलेला श्रोता या सभामंडपात सापडणे कठीण. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. ही कथा आपण घरची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच महाविद्यालयाच्या पायऱ्या पुढे फिलिपिन्समधील दोन मुली चढल्या, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ओनोरिया अकोस्ता, ज्या पुढे सिसॉन झाल्या, त्या १९०९ साली तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ऑलिव्हिया सालामांका १९१० साली. पहिलीने मायदेशी परतून प्रसूतिशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य वेचले. दुसरी क्षयनिवारणाच्या कार्याला लागली, आणि १९१३ साली, चोविसाव्या वर्षी, त्याच क्षयाने गेली. हे वाचताना आनंदीबाईंची आठवण झाल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

भेद एवढाच, की या दोघी सरकारी शिष्यवृत्तीवर गेल्या होत्या. सरकार कोणाचे? अमेरिकेचे. १८९८ साली स्पेनने हा द्वीपसमूह अमेरिकेच्या हवाली केला आणि १९०३ च्या कायद्याने निवडक तरुणांना अमेरिकेत शिकवून आणण्याची योजना सुरू झाली. त्याआधी स्पेनची राजवट तीन शतकांहून अधिक चालली. मनिलाचे सांतो तोमास विद्यापीठ १६११ सालचे. पण तेथे वैद्यकाचा वर्ग उघडला तो १८७१ साली! धर्मशास्त्राला घाई होती, वैद्यकाला नव्हती, असेच म्हणावे लागते.

अमेरिकनांनी मात्र दिरंगाई केली नाही. १९०५ साली कायदा करून १९०७ साली मनिलात सरकारी वैद्यकीय शाळा उघडली. १९१० साली ती फिलिपिन्स विद्यापीठात सामील झाली आणि त्याच वर्षी मोठे सार्वजनिक रुग्णालयही सुरू झाले. परिचारिकांची पहिली शाळा मात्र राजधानीत नव्हे, तर इलोइलो गावी, मिशनऱ्यांच्या रुग्णालयात, १९०६ साली निघाली. १९०९ साली तेथून शिकून बाहेर पडल्या अवघ्या तीन मुली. पुढे १९१९ साली परिचारिकांसाठी स्वतंत्र कायदा होऊन परीक्षामंडळ नेमले गेले. १९१७ साली मनिलाच्या त्या रुग्णालयात आनास्तासिया हिरोन तुपास या पहिल्या फिलिपिनो मुख्य परिचारिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभारली. तेरा वर्षांत तीन मुलींपासून राष्ट्रीय संघटनेपर्यंत! ही चाल कोणालाही हेवा वाटावी अशी आहे.

पण येथेच एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. शिकवण्याची भाषा इंग्रजी, अभ्यासक्रम अमेरिकन धर्तीचा, रुग्णालयाची शिस्तही त्याच घडणीची. मनिलाची सनद अशी घडली, की ती अमेरिकेच्या रुग्णालयात सहज चालावी. त्या वेळी कोणी हा हेतू मनात धरला होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु दाराला कुलूप एका घराचे आणि किल्ली दोन घरांची, असा तो प्रकार झाला.

१९४८ साली अमेरिकेने परदेशी तरुणांना दोन वर्षे बोलावून शिकवण्याची योजना काढली. नाव शिक्षणाचे होते. प्रत्यक्षात कित्येक रुग्णालये या पाहुण्यांकडून पूर्ण परिचारिकेचे काम विद्यावेतनावर करून घेत. १९५६ ते १९६९ या काळात अकरा हजारांहून अधिक फिलिपिनो परिचारिका या वाटेने गेल्या. १९६५ च्या कायद्याने कायम वस्तीचे दार उघडले. पुढे मनिलाच्या सरकारनेच १९७४ पासून परदेशी नोकरीला राजमान्यता दिली. घरी येणाऱ्या डॉलरचा मोह सरकारलाही सुटत नाही.

सनदेची परीक्षा मात्र सोपी नाही. परिचारिकेला पाच प्रश्नपत्रिका. सरासरी शेकडा ७५ गुण हवेत आणि कोणत्याही विषयात ६० च्या खाली जाऊन चालत नाही. डॉक्टरला बारा विषय, सरासरी तीच. २००४ साली या वैद्यकीय परीक्षेत देशात पहिला आलेला तरुण डॉक्टर परिचारकाचे शिक्षण घेऊन परिचारक म्हणूनच अमेरिकेला निघाला, तेव्हा देशभर खळबळ माजली. त्या वर्षांत कितीतरी डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन परिचर्येच्या वर्गात बसत होते. वरची पायरी उतरून खालच्या पायरीवर यायचे, कारण खालच्या पायरीला परदेशचे दार लागून आहे!

आणि मग २००६ चा जून उजाडला. सुमारे ४२,००० उमेदवार परिचारिकांच्या परीक्षेला बसले आणि दोन प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचे उघडकीस आले. तक्रार प्रथम केली ती बाग्वियोच्या परीक्षार्थींनीच, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे होते. चौकश्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, उत्तीर्णांना सनदाही मिळाल्या. परंतु २००७ साली परदेशी परिचारिकांची कागदपत्रे तपासणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने कळवले, की त्या दोन प्रश्नपत्रिका पुन्हा दिल्यावाचून आम्ही दाखला देणार नाही. आपल्या देशाचे न्यायालय, आपले परीक्षामंडळ, आणि शेवटचा शब्द मात्र समुद्रापलीकडचा! त्या संस्थेचे ठाणे कोठे, म्हणाल? फिलाडेल्फियात. हजारो निर्दोष मुलींनी २००७ च्या जूनमध्ये पुन्हा पेपर लिहिले.

२०२० साली महामारीत मनिलाच्या सरकारने परिचारिकांचे परदेशगमन थांबवले, आणि त्याच वर्षअखेर बंदी उठवून वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली. देशाला हात हवे होते, हे खरे. पण तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलीला बांधून ठेवण्याचा अधिकार कोणाला, हाही प्रश्न तितकाच खरा. आम्ही त्या मुलींना दोष देऊ शकत नाही.

निराळी वाट चोखाळणारी एक शाळा मात्र तेथेच आहे. १९७६ साली फिलिपिन्स विद्यापीठाने लेइते बेटावर ती काढली. प्रवेश देताना गावाची शिफारस पाहतात. मुलगी प्रथम सुईण होते आणि गावी जाऊन काम करते. गावाने पुन्हा पाठवले तर परत येऊन परिचारिका होते, पुन्हा गावी जाते. आणि गावाची इच्छा असेल तर अखेर डॉक्टर. सरकारी परीक्षा तिला चुकत नाही, पण प्रत्येक पायरीवर आधी गाव तिला तपासते. २०१३ च्या नोव्हेंबरातील महावादळाने या शाळेची इमारत उद्ध्वस्त केली. वर्ग पुन्हा भरू लागले.