फुग्यांआधीचा रस्ता

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. त्याच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर मेसीजच्या परेडचे फुगे भरायला घेतात. रस्त्यावर पसरलेल्या रंगीत कापडात हेलियम शिरू लागतो, आणि नाक, कान, पोट असा एकेक अवयव वेगवेगळा फुगत जातो. फुगा आताच उडून जाऊ नये म्हणून त्यावर जाळी टाकलेली असते आणि जाळीला वाळूच्या पिशव्यांचं ओझं बांधलेलं असतं. कठड्यापलीकडून मुलांना खांद्यावर घेतलेले आईबाप पुढे सरकत असतात. एडिसन, जर्सी सिटी या भागांतली मराठी कुटुंबंही त्यात असतात. परेडच्या दिवशी पाथ ट्रेनने ३३व्या रस्त्यावर उतरलं की मेसीजचं दुकान समोरच.

या परेडचा मागोवा बहुतेक जण १९२४ पासून घेतात. मला तो आणखी मागे न्यावासा वाटतो. त्या रस्त्यावर त्याआधी कोण होतं, हे पाहिल्याशिवाय परेडने काय केलं ते नीट कळत नाही.

२५ नोव्हेंबर १७८३ रोजी ब्रिटिश फौज न्यूयॉर्क सोडून गेली. पुढे शंभरेक वर्षं हे शहर तो दिवस ‘इव्हॅक्युएशन डे’ म्हणून संचलनांनी साजरा करत होतं. १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार कृतज्ञतेचा राष्ट्रीय दिवस ठरवला. सारा जोसेफा हेल या संपादिकेने त्यासाठी अनेक वर्षं राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवून पिच्छा पुरवला होता. आता दोन्ही दिवस जवळजवळ आले. जुना विजयदिन हळूहळू मागे पडला, पण त्या सुमाराची मिरवणुकीची सवय शहराच्या अंगात राहिली. कामगारवस्त्यांतल्या पुरुषांच्या टोळ्या थँक्सगिव्हिंगला चित्रविचित्र पोशाख करून, बँड लावून रस्त्याने निघत. त्यांना ‘फँटॅस्टिकल्स’ म्हणत. सैनिकी संचलनाची ही नक्कल होती, आणि तिच्यात वरच्या लोकांची टिंगल उघड उघड असे.

मुलांनी हे उचललं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थँक्सगिव्हिंगच्या सकाळी न्यूयॉर्कची गरीब पोरं आईचा झगा, बापाचा ढगळ कोट, कागदी मुखवटा असं जे हाताला लागेल ते चढवून, जळक्या बुचाने तोंड काळं करून बाहेर पडू लागली. दारोदार जायचं, वाटसरूंना अडवायचं आणि थँक्सगिव्हिंगचं काहीतरी द्या म्हणून पेनी, सफरचंद, गोळ्या मागायच्या. यांना ‘रॅगमफिन’ म्हणत. कोकणात शिमग्याला सोंगं घेऊन पोस्त मागणारी मुलं ज्याने पाहिली आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही. त्या दिवसापुरता रस्ता मुलांचा, मोठ्यांनी चिडायचं नाही, खिशात हात घालायचा. बेटी स्मिथ यांच्या ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ या १९४३ च्या कादंबरीत ही प्रथा आली आहे.

आणि मग दुकान आलं. १९२४ मध्ये हेरल्ड स्क्वेअरच्या मेसीजने इमारत वाढवली होती आणि जगातलं सर्वांत मोठं दुकान म्हणून ते मिरवत होतं. फिलाडेल्फियाच्या गिंबेल्सने १९२० पासूनच थँक्सगिव्हिंगला सांताक्लॉजची मिरवणूक काढायला सुरुवात केली होती. टोरंटोत ईटन्सने तर सांताची मिरवणूक १९०५ मध्येच काढली होती. २७ नोव्हेंबर १९२४ रोजी मेसीजचे कर्मचारी विदूषक, काऊबॉय, सरदार अशा वेशांत हार्लेममधल्या १४५व्या रस्त्यापासून निघाले आणि साडेनऊ किलोमीटर चालत ३४व्या रस्त्यावर आले. त्यांच्यात युरोपातून आलेले स्थलांतरित बरेच होते. सोबत सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती, उंट, अस्वलं. शेवटी सांताला दुकानाच्या दारावर मुकुट चढवला आणि सजवलेल्या काचांवरचे पडदे सरकवले. परेडचं नावही ‘ख्रिसमस परेड’ होतं. दोन वर्षांत तक्रार आली की धार्मिक सुटीच्या सकाळी, प्रार्थनेच्या वेळी, दुकानाने असला तमाशा करू नये.

पिंजऱ्यातली जनावरं लहान मुलांना भिववत होती. १९२७ मध्ये त्यांच्या जागी फुगे आले, आणि ते आणणारा माणूस होता टोनी सार्ग. जन्म ग्वाटेमालात, वडील जर्मन, धंदा चित्रकाराचा आणि कळसूत्री बाहुल्यांचा. बाहुलीचे दोर वरून ओढतात. सार्गने बाहुली आभाळात नेली आणि दोर खाली चालणाऱ्या माणसांच्या हाती दिले. रबराचे फुगे ओहायोतल्या अॅक्रनमध्ये गुडइयर कंपनीने बनवले. पहिल्यांत ‘फेलिक्स’ मांजर होतं. या एका कल्पनेसाठी मी त्या दुकानाला बरंच काही माफ करायला तयार आहे. माडीएवढं मांजर रस्त्यावरून तरंगत जाताना पाहणं हा मुलाच्या वाट्याला येणारा खराखुरा चमत्कार आहे.

पुढच्या वर्षी परेड संपल्यावर फुगे सोडून देण्यात आले, शोधून परत आणणाऱ्याला बक्षीस. पहिल्या खेपेला बरेचसे वर जाताच फुटले; मग हेलियम सावकाश गळेल अशी झडप बसवली. १९३२ मध्ये विमान चालवायला शिकणाऱ्या एका तरुणीने आकाशात मांजराच्या फुग्यावर विमान नेलं, कापड पंखाला गुंडाळलं गेलं आणि विमान गिरक्या खात कोसळू लागलं. प्रशिक्षकाने कसंबसं सावरलं. त्यानंतर फुगे सोडणं बंद झालं.

याच वर्षांत रॅगमफिन पोरांवर गदा आली. १९३० मध्ये शाळाखात्याच्या प्रमुखांनी ही प्रथा मोडायला सांगितलं. वर्तमानपत्रं कुरकुरू लागली. मंदी आली होती. खरीखुरी भूक रस्त्यावर उभी असताना भिकाऱ्याचं सोंग घेऊन मागणारं पोर लोकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. सोंग कुठलं आणि खरं कुठलं, हे ओळखता येईनासं झालं होतं, आणि मला वाटतं तेच मोठ्यांना सोसवत नव्हतं. मुलांच्या क्लबांनी मागण्याऐवजी मिरवणूक काढा म्हणत त्यांना शिस्तीत चालवलं. दारोदार जाण्याचा भाग हॅलोवीनकडे गेला. परेडने पोरांना हाकललं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण पोरं रस्त्यावरून उठली तेव्हा त्यांना फुटपाथवर उभं करायला परेड तयार होती. जी मुलं स्वतःच मिरवणूक होती ती बघे झाली.

दुकानांचा हात मग दिनदर्शिकेपर्यंत पोचला. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे आणला. साधारण निम्म्या राज्यांनी मानलं, बाकीच्यांनी नाही. अखेर १९४१ च्या डिसेंबरात कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

१९४२ ते १९४४ परेड झाली नाही. फुग्यांचं सुमारे तीनशे किलो रबर युद्धासाठी दिलं गेलं. युद्धानंतर सिनेमा आला. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ची दृश्यं १९४६ च्या खऱ्या परेडमध्ये चित्रित झाली, आणि त्यातला सांता झालेला एडमंड ग्वेन त्या दिवशी खराच परेडचा सांता होता. पाठोपाठ टीव्ही. १९५८ मध्ये हेलियमची टंचाई पडली तेव्हा फुग्यांत साधी हवा भरून ते क्रेनला टांगून नेले, पण परेड चुकवली नाही. १९९७ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात ‘कॅट इन द हॅट’चा फुगा दिव्याच्या खांबावर आदळला, खांबाचा तुकडा पडून एक प्रेक्षक बाई गंभीर जखमी झाल्या. तेव्हापासून फुग्यांच्या आकाराला आणि वाऱ्याच्या वेगाला मर्यादा आहेत.

२०२० मध्ये महासाथीमुळे परेड दुकानासमोरच्या एका टप्प्यापुरती आणि फक्त कॅमेऱ्यासाठी झाली. फुटपाथवर कुणाला येऊ दिलं नाही, आणि घराघरांत ती तरीही पाहिली गेली. बघ्यांशिवाय परेड होऊ शकते हे त्या वर्षी दिसलं. रॅगमफिनांचं तसं नव्हतं; दार उघडणारं कुणी नसेल तर त्यांचा सणच नव्हता. त्यांचं नाव ब्रुकलिनच्या बे रिजमध्ये अजून टिकून आहे. १९६७ पासून तिथे शरद ऋतूत रॅगमफिन परेड निघते, आणि थर्ड अव्हेन्यूच्या मधोमध सोंगं घेतलेली मुलं चालतात, आईबाप कडेला.