लॉ कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र: काय मिळतं, काय मिळत नाही

लॉ कॉलेज म्हणजे वकील घडवण्याची जागा, आपला काय संबंध, असं मोहल्ल्यात बऱ्याच जणांना वाटतं. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला विधी सहाय्य केंद्र चालवावं लागतं. शेवटच्या वर्षाची मुलंमुली ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तिथं बसतात. सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.

या विद्यार्थ्यांकडे सनद नसते, म्हणून ते कोर्टात तुमच्या बाजूने उभे राहू शकत नाहीत. ते ऐकून घेतात, कागद तपासतात, अर्जाचा मसुदा करून देतात आणि गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, आणि तिथून सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. "तुमच्या घरात कमावते आहेत, तुम्हाला कसा मिळणार?" असं कुणी म्हटलं तर ऐकून परत फिरू नका.

सगळ्यात जास्त उपयोग पोटगीच्या प्रकरणात होतो. तलाकनंतर इद्दतीपुरताच खर्च मिळतो, हा समज अजून घट्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं की तलाक झालेली मुस्लिम महिलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. आता हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. अर्ज ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही करता येतो, म्हणजे माहेरी राहणाऱ्या मुलीला सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. जमातीची बैठक, समजूत, पुन्हा बैठक यात वर्ष गेलं तर त्या वर्षाची पोटगी सहसा हातची जाते. बैठका जरूर घ्या, पण अर्ज आधी टाका.

दुसरं नेहमीचं काम कागदपत्रांचं. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. प्रतिज्ञापत्र पुरेल की राजपत्रात नावबदल करावा लागेल, हे केंद्रात सांगतात.

खरं सांगायचं तर काही ठिकाणी केंद्राची नुसती पाटी असते. परीक्षा आणि सुट्ट्यांत तर हमखास कुणी भेटत नाही, तेव्हा वार आणि वेळ आधी विचारून जा. जाताना निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, तलाकची नोटीस आली असेल तर ती, आणि सगळ्यांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद दाखवा, पण कुणाकडे ठेवून येऊ नका. जवळ लॉ कॉलेज नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा टोल फ्री क्रमांक १५१०० आहे.