क्रूझची वेळ बडनेऱ्यापासून मोजावी

समुद्रापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर राहणाऱ्या वऱ्हाडातील माणसाला रेल्वेची वेळ पाळण्याची सवय आहे, जहाजाची नाही. गाडी सुटण्यापूर्वी दहा मिनिटे फलाटावर असले की रेल्वेचे भागते. जहाजाचे तसे भागत नाही. मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटन जहाजांच्या सहलींची नोंदणी आता अमरावती-अकोल्याच्या ट्रॅव्हल कंपन्यांकडेही होते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्तीनंतरची पहिली मोठी सहल, मुलांची दिवाळीची सुट्टी अशा निमित्तांनी कुटुंबे साठवलेले पैसे या तीन-चार दिवसांवर खर्च करतात. तिकीट, केबिन, जेवण यांची चौकशी बारकाईने होते. बंदरावर नेमके केव्हा पोहोचायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. वास्तविक संपूर्ण सहल ज्यावर अवलंबून आहे, तो प्रश्न हाच.

गोंधळाचे मूळ तिकिटावरच्या वेळेत आहे. जहाज सायंकाळी पाच वाजता सुटणार, एवढेच घरात सर्वांच्या लक्षात राहते. प्रवाशाच्या दृष्टीने ही वेळ जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याच्या आधी आणखी तीन वेळा येतात. प्रवाशाला नेमून दिलेली चेक-इनची वेळ ही पहिली, चेक-इनचे काउंटर बंद होण्याची दुसरी आणि सर्व प्रवासी जहाजावर असलेच पाहिजेत ती तिसरी. यांपैकी काउंटर बंद होण्याची वेळ हीच खरी सुटण्याची वेळ समजावी. ती प्रस्थानाच्या कितीतरी आधीची असते, प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती आरक्षणाच्या कागदांत दिलेली असते. त्यानंतर जहाज धक्क्याला लागलेले समोर दिसत असले, तरी प्रवाशाला आत घेतले जात नाही.

जहाज थांबत का नाही?

काउंटर एवढे आधी बंद होण्यामागे कारणे आहेत. जहाज सुटण्यापूर्वी प्रवाशांची अंतिम यादी यंत्रणांकडे सोपवावी लागते. ती बंद झाली की नवे नाव घालता येत नाही. मोठे जहाज बंदरातून बाहेर काढण्यासाठी बंदराचा पायलट जहाजावर येतो, ओढनौकांची वेळ ठरलेली असते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे तेथील हालचाली घड्याळाइतक्याच पाण्याच्या पातळीकडे पाहूनही आखाव्या लागतात. एका कुटुंबाची टॅक्सी अडकली म्हणून ही साखळी मागे-पुढे करता येत नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे चार हजारांहून अधिक माणसे घेऊन निघालेले जहाज खडकावर आदळून कलंडले. ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच सायंकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आपत्कालीन सराव दुसऱ्या दिवसावर ठेवलेला होता, कारण तेव्हाच्या नियमांनुसार चोवीस तासांत सराव झाला तरी चालत असे. सागरी जीवितसुरक्षेचा 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. शेवटचा प्रवासी सुटण्याच्या क्षणी येऊन चालत नाही, त्यामागे हेही आहे.

उशीर नको, म्हणून पहाटेच धक्क्यावर जाऊन बसावे, असेही नाही. सकाळी त्याच जहाजातून आधीच्या सहलीचे प्रवासी उतरत असतात. त्यांचे सामान, केबिनची साफसफाई, अन्नधान्य आणि इंधन भरणे हे सारे काही तासांत उरकायचे असते. त्यामुळे नव्या प्रवाशांना साधारणतः दुपारच्या सुमारास आत सोडतात. नऊ वाजता पोहोचलेल्या कुटुंबाला सामानासह ताटकळण्याखेरीज काही मिळत नाही. काउंटर उघडताना सर्वांत मोठी गर्दी असते, शेवटच्या तासात रांग लहान असते. पण त्या लहान रांगेच्या मोहात पडणे सहाशे किलोमीटरवरून येणाऱ्याला परवडणारे नाही. नेमून दिलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी टर्मिनलच्या दारात असणे, हे सर्वांत सोयीचे.

बॅलार्ड पिअर आणि रेल्वे

मुंबईत नोव्हेंबर ते मे हा पर्यटन जहाजांचा मुख्य हंगाम. २०१६ मध्ये कोस्टा कंपनीने, २०१९ मध्ये जलेश कंपनीच्या 'कर्णिका'ने मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या होत्या, त्या थांबल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज आले. पावसाळ्यात ते सहसा चेन्नईकडे वळवले जाते. २० सप्टेंबर २०२५ रोजी इंदिरा गोदीजवळच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. एकाच वेळी पाच जहाजे आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. तपासणी आणि चेक-इनचे ७२ काउंटर तेथे आहेत. काउंटर वाढल्याने रांग लहान होईल, वऱ्हाडातून मुंबईपर्यंतचा रस्ता मात्र तेवढाच राहतो.

हे टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते जेमतेम दीड-दोन किलोमीटर. वऱ्हाडच्या प्रवाशाचे हे मोठेच भाग्य म्हणावे लागेल. दक्षिण मुंबईत ऑटो चालत नाहीत, हे तेवढे लक्षात ठेवावे; स्थानकाबाहेर टॅक्सीच करावी लागते. बंदर हे संरक्षित क्षेत्र असल्याने टॅक्सीवाल्याला नुसते 'क्रूझ टर्मिनल' न सांगता आरक्षणाच्या कागदावर छापलेल्या गेटचे नाव सांगावे.

एके काळी याच बॅलार्ड पिअरला रेल्वेचे स्वतःचे स्थानक होते. विलायतेच्या टपालबोटीतून उतरलेला प्रवासी धक्क्यावरूनच गाडीत बसत असे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हिवाळ्यात बोटीच्या प्रवाशांसाठी तेथून सोडली जाई. गाडी आणि बोट यांची वेळ तेव्हा एकमेकींना बांधलेली होती. आज तसे काही नाही. रेल्वेला जहाज ठाऊक नाही आणि जहाजाला रेल्वे. दोन्हींची सांगड घालण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची.

कोणती गाडी?

अकोला ते मुंबई सुमारे ५८० किलोमीटर, बडनेरा ते मुंबई सुमारे ६६० किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरणे आणि दुपारी जहाजावर चढणे, हा बहुतेकांच्या मनातला बेत. तो चुकीचा नाही, परंतु गाडी कोणती यावर बरेच अवलंबून आहे. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस (१२११२) अमरावतीहूनच सुटते. मागून येणारा उशीर तिच्या वाट्याला येत नाही, शिवाय ती सकाळी लवकर मुंबईत पोहोचते. बडनेरा आणि अकोला या दोन्ही ठिकाणच्या प्रवाशांनी पहिली पसंती तिलाच द्यावी. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस (१२१०६) ही दुसरी निवड. हावड्याहून येणाऱ्या गाड्या दीड हजार किलोमीटरपर्यंतचा उशीर सोबत घेऊन अकोल्यात येऊ शकतात. नागपूरहून निघणारी सेवाग्राम एक्स्प्रेस वेळेवर धावली तरी मुंबईत पोहोचेपर्यंत दुपार जवळ येते. जहाजाच्या दिवशी ती टाळलेलीच बरी.

गाडीच्या नियोजित वेळेपासून काउंटर बंद होण्यापर्यंत किमान सहा-सात तास हाताशी असावेत. हा आकडा कोणाला जास्त वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये निकाली काढलेले एक प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. जून २०१६ मध्ये एका कुटुंबाची अजमेर-जम्मू गाडी सकाळी आठच्या सुमारास जम्मूला पोहोचायची होती, श्रीनगरचे विमान दुपारी बाराचे होते. गाडी चार तास उशिरा पोहोचली, विमान गेले, टॅक्सी करून श्रीनगर गाठावे लागले. उशिराचे कारण रेल्वेला सिद्ध करता आले नाही म्हणून भरपाईचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. भरपाई होती तीस हजार रुपये आणि ती मिळवायला पाच वर्षे लागली. त्या कुटुंबाने निष्काळजीपणा केला होता असे म्हणता येणार नाही. चार तास मोकळे सोडूनही ते पुरले नाहीत, इतकेच. शिवाय त्यांना पुढे टॅक्सीचा पर्याय होता. समुद्रात तो नसतो.

एरवी रेल्वेची जबाबदारी तिकिटापुरतीच. चढण्याच्या स्थानकावर गाडीला तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि प्रवास केलाच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. जहाजाच्या तिकिटाला त्याचा काही उपयोग नाही. वेळेत न पोहोचलेल्या प्रवाशाला जहाज कंपन्या सामान्यतः काहीच परत करत नाहीत.

एक दिवस आधी

म्हणूनच सोबत वयोवृद्ध आई-वडील, चाकाच्या खुर्चीची गरज असलेले कोणी किंवा लहान मुले असतील, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. एका रात्रीच्या निवासाचा खर्च सहलीच्या एकूण खर्चापुढे लहानच असतो. नातेवाईक डोंबिवलीला किंवा पुण्याला आहेत म्हणून तेथे मुक्काम करण्यात बचत दिसते, पण दुसऱ्या दिवशी सामान घेऊन लोकलच्या गर्दीतून वा घाटातून येण्याचा त्रास त्यात जमेस धरला जात नाही. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, तेही पाहून घ्यावे. मुक्काम फोर्ट किंवा स्थानकाच्या परिसरात असेल, तर सकाळ निवांत जाते. सकाळच्या गाडीने आलेल्यांसाठी स्थानकावर प्रतीक्षालय आणि सामानघर आहे.

विमानाची गोष्ट थोडी वेगळी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबई सेवा सुरू झाली, ती आरंभी आठवड्यातून तीनच दिवस होती. विमानाचा वार आणि जहाजाचा वार जुळेलच असे नाही, आणि छोट्या मार्गावर एक फेरी रद्द झाली तर त्या दिवशी दुसरी नसते. नागपूरहून फेऱ्या भरपूर आहेत. तरीही जहाजाच्या दिवशी सकाळचे विमान धरणे हा जुगारच. डिसेंबर २०२५च्या आरंभी वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा क्रूझचा हंगाम ऐन भरात होता. विमानाने जायचे तर आदल्या दिवशीच.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. हा महामार्ग भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. खरी परीक्षा तेथून पुढे, ठाण्याच्या कोंडीत आहे. चेंबूरपासून पूर्व मुक्त मार्ग धरला तर तो थेट बंदराच्या बाजूला आणून सोडतो. रात्रभर गाडी चालवून त्याच दिवशी जहाज पकडण्याचा बेत मात्र कोणी करू नये. झोपाळलेल्या चालकासाठी हा सरळ, रिकामा रस्ता फार घातक आहे.

आरक्षणाचा एक पेच अनेकांच्या ध्यानात उशिरा येतो. क्रूझची नोंदणी सहा-सहा महिने आधी होते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी फक्त ६० दिवस आधी उघडते. दिवाळी वा नाताळच्या दिवसांत जहाज पक्के आणि गाडी प्रतीक्षा यादीत, अशी अवस्था होऊ शकते. साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी.

दारात अडू नये म्हणून

वेळेत पोहोचूनही काही जण दारात अडतात. वेब चेक-इन मुदतीत केलेले नसते, तिकिटावरचे आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नाही किंवा मूळ ओळखपत्राऐवजी झेरॉक्स आणलेली असते. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. २४ आठवड्यांपुढील गर्भवतींना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. बारा-पंधरा जणांच्या गटात सगळी ओळखपत्रे एकाच काकांच्या बॅगेत असतात आणि काका नेमके मागच्या टॅक्सीत असतात. प्रत्येकाने आपले कार्ड आपल्या खिशात ठेवावे.

मोठ्या बॅगा दारातच घेतल्या जातात आणि केबिनमध्ये कित्येकदा सायंकाळी पोहोचतात. औषधे, चष्मा, चार्जर, मुलांचे कपडे हातातल्या पिशवीतच असावेत. इस्त्री आणि पाणी तापवण्याची किटली तपासणीत काढून ठेवली जाते.

एवढे करूनही वाटेत उशीर झालाच, तर गाडीतूनच जहाज कंपनीला आणि ट्रॅव्हल एजंटाला फोन करावा; काउंटर बंद झाल्यावर केलेल्या फोनाला अर्थ उरत नाही. पहिला थांबा गोवा असेल, तर मुरगाव बंदरात जहाजावर चढू देण्याची विनंती करता येते. ती मान्य करायची की नाही, हे कंपनी आणि बंदराच्या यंत्रणा ठरवतात. लेखी होकार येईपर्यंत गोव्याचे तिकीट काढू नये. होकार मिळाला, तर मुंबई-मडगाव वंदे भारत पहाटे सुटते, गोव्याची विमानेही आहेत. सहल विमा घेतला असल्यास गाडीच्या उशिराचा पुरावा लागतो, म्हणून रेल्वेच्या संकेतस्थळावरील त्या दिवशीच्या धावण्याची नोंद मोबाइलवर जपून ठेवावी. विमा घेण्यापूर्वी 'सुटलेली जोडसेवा' त्यात धरली आहे का आणि ती रेल्वेलाही लागू आहे का, हे विचारून घ्यावे. अनेक योजनांत ती केवळ विमानापुरती असते.